आधी ‘वाङ्मय’ लिहून बघा

खिडक्या-बटणांचं सॉफ्टवेअर करायला निघालेली मुलं माझ्याकडे आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: क्यूटी घेऊ, इलेक्ट्रॉन घेऊ की फ्लटर? मी उलट विचारते, त्या खिडकीत लोक लिहिणार काय आहेत? याचा विचार बहुतेकांनी केलेला नसतो. वेग मोजलेला असतो, गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर कुणाला किती तारे आहेत ते पाहिलेलं असतं, कुठली भाषा शिकली की नोकरी लवकर लागते हेही पाठ असतं. पण बडोद्यातल्या एखाद्या मराठी वाचनालयाच्या, ट्रस्टच्या किंवा पतपेढीच्या टेबलावर जे सॉफ्टवेअर जाऊन बसणार, त्यात दिवसभर नावं लिहिली जातात. माणसांची, पुस्तकांची, पोळांची म्हणजे इथल्या गल्ल्यांची. मराठीत, गुजरातीत, इंग्रजीत आणि कित्येकदा एकाच ओळीत तिन्ही लिप्यांत.

म्हणून टूलकिटची, म्हणजे खिडक्या-बटणं बांधायच्या या तयार साधनांची, पहिली परीक्षा मी लिहिण्याच्या चौकटीत घेते. दिसणं, वेग, किंमत, सगळं त्यानंतर.

हल्ली सगळं ब्राउझरमध्येच होतं, मग डेस्कटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर हवं कशाला, असंही मुलं विचारतात. दांडिया बाजाराच्या आसपास अशी बरीच कार्यालयं आहेत जिथे पावसाळ्यात इंटरनेट जातं, पावती मात्र त्याच क्षणी फाडून द्यावी लागते. बारकोड वाचणारी बंदूक, जुना पावतीचा प्रिंटर, दर शनिवारी पेन ड्राइव्हवर घ्यायची नक्कल, हे सगळं जागच्या जागी चालावं लागतं. शिवाय सभासदांची यादी आपल्याच कपाटात असावी असं कार्यकारिणीला वाटतं आणि मला ते वाटणं अगदी रास्त वाटतं.

आणि एकच प्रोग्राम अनेक प्रणालींवर चालायला का हवा? पुण्या-मुंबईत हा प्रश्न बहुधा मॅकमुळे येतो. आमच्याकडे तो जुन्या संगणकांमुळे येतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही त्यातल्या त्यात नवा लागतो. वाचनालयांकडे जे संगणक असतात ते कुणाचा मुलगा कॅनडाला गेला, जाताना देऊन गेला, अशा वाटेने आलेले. ते धडधाकट असतात, पण ११ त्यांच्यावर चढत नाही. मग त्यांच्यावर लिनक्स मिंट ही मुक्त प्रणाली टाकायची, नव्या संगणकावर विंडोज असू द्यायचं आणि खजिनदारांच्या लॅपटॉपवर जे असेल ते असेल. तिन्हींवर तोच प्रोग्राम, तीच बटणं, तीच पावती हवी.

आता टूलकिटांकडे वळते. ही सगळी कुणाच्या ना कुणाच्या खऱ्या गरजेतून जन्मलेली आहेत, आणि ती गरज कुठली होती हे कळलं की टूलकिट कुठे पक्कं आणि कुठे कच्चं हे निम्मं कळतं. १९९०च्या सुमारास नॉर्वेत हावार्ड नोर्ड आणि आयरिक शॅम्बे-एंग हे दोघे अल्ट्रासाउंडच्या प्रतिमांचा डेटाबेस करत होते. तो युनिक्स, मॅक आणि विंडोज तिन्हींवर चालायला हवा होता. त्या खटाटोपातून क्यूटीची कल्पना आली आणि १९९५मध्ये ते लोकांसमोर आलं. जीटीके हे गिंप या चित्रं हाताळणाऱ्या प्रोग्रामसाठी बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी रचलेलं. डब्ल्यूएक्सविजेट्स १९९२मध्ये एडिनबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी सुरू केलं. एसडब्ल्यूटी आयबीएमने एक्लिप्स या कोड लिहायच्या साधनासाठी बांधलं. इलेक्ट्रॉन गिटहबच्या ॲटम या संपादकाच्या पोटातून निघालं, २०१३मध्ये, तेव्हा त्याचं नाव ॲटम शेल होतं. फ्लटर मोबाइलसाठी जन्मलं आणि डेस्कटॉपवर नंतर आलं: विंडोजवर २०२२च्या फेब्रुवारीत, मॅक-लिनक्सवर त्याच वर्षी मे महिन्यात.

यातलं एकही मराठी वाचनालयाच्या दाखल-रजिस्टरातून जन्मलेलं नाही. त्यात कुणाचा दोष नाही. पण म्हणूनच आपली परीक्षा आपल्याला घ्यावी लागते, दुसऱ्याची गुणपत्रिका चालत नाही.

बडोद्याला या बाबतीत एक वारसा आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. १९१०मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं करायला घेतलं. गावोगाव वाचनालयं निघाली, पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. त्या परंपरेतल्या जुन्या कार्डांचा खण उघडला तर मराठी, गुजराती आणि इंग्रजी कार्डं शेजारीशेजारी उभी दिसतात. कागदाला लिपी विचारावी लागत नव्हती. संगणकावर ती विचारावी लागते, आणि उत्तर टूलकिटकडून येतं.

ज्या वाचनालयाची सूची मी करते तिथे आधीची एक सूची होती, कुणीतरी व्हिज्युअल बेसिक ६मध्ये करून दिलेली. ते १९९८चं साधन. त्याच्या मूळच्या चौकटींना युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना संकेतांक ठरवून देणारी पद्धत, कळत नसे. मग त्या काळी सगळे करत तेच तिथे झालं होतं: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेला फॉन्ट घ्यायचा आणि त्यात लिहायचं. दिसायला मराठी, साठवलेलं मात्र इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. कृतिदेवच्या जातीच्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिलं की संगणकाच्या लेखी ते ‘एफ’ आणि ‘डी’ असतं. करून देणारा माणूस गाव सोडून गेला, संगणक बदलला, फॉन्ट हरवला आणि हजारो पुस्तकांच्या नोंदी कुणालाच वाचता येईनात. मी त्या नोंदी परत युनिकोडमध्ये आणल्या तेव्हा लक्षात आलं, चौकटीत काय आणि कसं साठतं हा निर्णय करून देणाऱ्यापेक्षा जास्त जगतो.

तर परीक्षा अशी. चाचणीच्या एका फाइलमध्ये मी काही शब्द जमवून ठेवले आहेत. ‘वाङ्मय’, कारण ङ आणि म यांची जोडणी भल्याभल्या फॉन्टना जमत नाही. ‘किल्ल्याच्या’, कारण पहिली वेलांटी संगणकात क नंतर साठते आणि डोळ्यांना मात्र क च्या आधी दिसायला हवी. ‘पायऱ्या’, कारण त्यातला अर्धचंद्री र हिंदीवाल्यांना लागत नाही, म्हणून चाचणीतून सुटतो. ‘ॲ’ने सुरू होणारा एखादा शब्द. ‘शाळा’. आणि मग गुजराती ओळी.

साठवलेल्या संकेतांकांपासून डोळ्यांना दिसणारं अक्षर घडवायचं काम टूलकिटच्या पोटातला एक भाग करतो. छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस जे करायचा तेच हे: कुठला अर्धा खिळा, कुठला पूर्ण, रफार कुणाच्या डोक्यावर. याला शेपिंग म्हणतात आणि आज त्यात हार्फबझ नावाच्या मुक्त लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, सत्ता आहे. क्यूटीत ती आहे, जीटीकेत मजकूर मांडणाऱ्या पँगोच्या मागे ती आहे, क्रोममध्ये आहे म्हणून क्रोमच्याच इंजिनवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनमध्ये आहे, फ्लटरमध्ये आहे, डॉटनेटवाल्यांच्या ॲव्हलोनियात आहे, जावात २०१७च्या नवव्या आवृत्तीपासून आहे. डब्ल्यूएक्सविजेट्स स्वतः काही रेखाटत बसत नाही, ज्या प्रणालीवर चालतं तिचीच चौकट मागून घेतं, त्यामुळे विंडोज किंवा मॅक जितकं चांगलं दाखवतं तितकं चांगलं दाखवतं.

ज्यात शेपिंग नाही ते लगेच उघडं पडतं. पायथनबरोबर फुकट येणारं टिकिंटर मुलांना फार आवडतं, कॉलेजात तेच शिकवतात. विंडोजवर ते ठीक चालतं. पण त्याच्या पोटातल्या टीके ८.६मध्ये, लिनक्सवर, हेच शब्द लिहून बघा. वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली अक्षरं रांगेत उभी राहतात. डिअर इमगुई, ईगुई यांसारखी झटपट टूलकिटं इंजिनिअरांच्या आतल्या कामाला उत्तम, पण जटिल लिप्यांची मांडणी ती करत नाहीत. मराठी मजकुराच्या कामासाठी ही नावं मी यादीत घेतच नाही. त्यांच्या गतीची कितीही तारीफ ऐकली तरी.

दिसणं हे पहिलं पाऊल झालं. खरी परीक्षा कर्सरची. ‘पायऱ्या’ या शब्दात सात संकेतांक आहेत: प, काना, य, ऱ, हलन्त, य, काना. वाचणाऱ्याला मात्र तीनच अक्षरं दिसतात: पा, य, ऱ्या. बाणाची कळ दाबत गेलं तर कर्सर कुठे कुठे थांबायला हवा? आपल्या मनाला विचारलं तर तीन जागी. युनिकोडच्या नियमांतही हलन्ताने जोडलेली व्यंजनं एकच अक्षर म्हणून धरायची सुधारणा २०२३च्या १५.१ या आवृत्तीत आली, देवनागरी आणि गुजरातीसह मोजक्या लिप्यांसाठी. त्याआधी नियमाने ‘ऱ्या’चे दोन तुकडे होत. कुठल्या टूलकिटची कुठली आवृत्ती यातलं किती पाळते हे हाताने बाण दाबूनच कळतं.

बॅकस्पेसची गोष्ट उलटी आहे. तिथे मनाला पूर्ण अक्षर पुसलेलं नको असतं. ‘पायऱ्या’च्या शेवटी एकदा दाबलं की काना जावा, पुन्हा दाबलं की य, मग हलन्त. चुकलेली मात्राच फक्त काढायची असते, सगळं जोडाक्षर पुन्हा लिहायचं नसतं. ग्रंथपाल काकू पन्नास वर्षं दौत-टाक आणि बॉलपेनने लिहीत आलेल्या. त्यांच्यासमोर मी दोन-तीन वेगवेगळ्या टूलकिटांत केलेल्या नुसत्या रिकाम्या चौकटी ठेवल्या आणि म्हटलं, काकू, हवं ते लिहा. एका चौकटीत त्या शब्दाच्या मधे जाऊन काहीतरी दुरुस्त करू लागल्या आणि थांबल्या. ‘‘अगं, मी इथे बोट ठेवलंय आणि अक्षर तिकडे उमटतंय,’’ म्हणाल्या. कर्सर दिसत होता य च्या आधी, प्रत्यक्षात होता हलन्ताच्याही आधी. मला कुठल्याही तक्त्यातून जे कळलं नसतं ते त्या एका वाक्यात कळलं. ती चौकट तिथेच बाद झाली.

लिहिण्याची पद्धतही एक नसते. काकू इन्स्क्रिप्ट हा कळफलक शिकल्या, कारण एकदा बोटांत बसलं की त्यात विचार करावा लागत नाही. संध्याकाळी येणारी कॉलेजची मुलगी इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करते आणि खाली येणाऱ्या यादीतून मराठी शब्द निवडते. या दुसऱ्या पद्धतीत अर्धवट शब्द चौकटीत अधोरेखित दिसायला हवा, आणि पर्यायांची यादी कर्सरपाशी उघडायला हवी. ज्या टूलकिटाने प्रणालीच्या या सोयीशी नीट जुळवून घेतलेलं नसतं त्यात ती यादी पडद्याच्या कोपऱ्यात कुठेतरी उघडते आणि मुलगी मान वळवून वळवून निवडत बसते. लिनक्सवर आयबस आणि एफसीआयटीएक्स या लिहायच्या सोयी, विंडोजवर त्यांची स्वतःची व्यवस्था; दोन्हीकडे बघायला हवं. क्यूटी आणि जीटीके यात मला कधी अडचण आली नाही.

एक जाता जाता. ‘पायऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक ऱ वापरून, दुसरा साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक घालून. दोन्ही डोळ्यांना सारखेच, संगणकाला वेगळे. एकाने शोधलं तर दुसऱ्याने लिहिलेली नोंद सापडत नाही, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही इथे कामी येत नाही. हे टूलकिटाने सोडवायचं नाही, आपण साठवतानाच सोडवायचं. पण परीक्षेच्या फाइलमध्ये दोन्ही असू द्यावेत.

मग तीन लिप्यांची यादी. पुस्तकांच्या सूचीत एक ओळ मराठी, पुढची गुजराती, तिच्यापुढची इंग्रजी. देवनागरीला शिरोरेषा, वर मात्रा, खाली उकार. गुजरातीला शिरोरेषा नाही. एका फॉन्टमध्ये तिन्ही लिप्या क्वचितच असतात, म्हणून टूलकिट ज्या अक्षराला जो सापडेल तो फॉन्ट लावतं. त्यात गुजराती ओळ बुटकी, मराठी उंच, आणि यादी सरकवताना ओळी उड्या मारतात. कधी ‘र्त्यां’ची अनुस्वाराची टोपी वरच्या ओळीत घुसून कापली जाते. उपाय साधा आहे: फॉन्ट प्रणालीवर सोडायचे नाहीत, आपल्या सॉफ्टवेअरबरोबर न्यायचे. नोटो सान्सची देवनागरी आणि गुजराती भावंडं मुक्त परवान्याची आहेत आणि मापाने एकमेकांशी जुळतात. ओळीची उंची सगळ्यात उंच लिपीप्रमाणे एकदाच ठरवून टाकायची. प्रश्न एवढाच की टूलकिट आपला फॉन्ट बरोबर न्यायला आणि उंची ठरवायला देतं का. मोठी टूलकिटं देतात. प्रणालीच्या चौकटी वापरणाऱ्यांत ते थोडं अवघड जातं.

इथेच ल आणि श येतात. दांडीचा ल आणि गाठीचा श ही हिंदीची वळणं; मराठीची वेगळी, आणि ६ नोव्हेंबर २००९च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयात ती नोंदलेलीही आहेत. नोटोसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात. मजकूर मराठी आहे असं सांगितलं तरच मराठी आकार येतो. इलेक्ट्रॉनमध्ये भाषेची खूण लावली की झालं. जीटीकेत पँगो भाषा विचारतं. जिथे हे सांगायची सोय हाताशी नसेल तिथे मूळचाच मराठी वळणाचा फॉन्ट द्यावा. बडोद्यात राहून, गुजराती शाळेत शिकून, हिंदी पाट्या वाचून मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला यातला फरक पटकन दिसत नाही. काकूंना दिसतो. ‘शाळा’ बघून त्या म्हणाल्या, ‘‘हा आपला श नाही.’’ मग तो आपला व्हायलाच हवा.

छपाईत आणखी एक सापळा आहे. पडद्यावर अक्षर सुरेख असतं आणि पीडीएफ पावती काढली की वेलांटी पुन्हा उजवीकडे पळते. कारण पडद्याचं शेपिंग टूलकिट करतं आणि पीडीएफ करणारी लायब्ररी वेगळी असते. अशा लायब्रऱ्यांपैकी बऱ्याच जणी संकेतांक एकामागून एक मांडून मोकळ्या होतात. फ्लटरमध्ये छपाई अंगची नाही, ती बाहेरच्या पॅकेजमधून आणावी लागते, आणि तिथे हे नीट तपासून घ्यावं. क्यूटीमध्ये पडदा आणि कागद एकाच वाटेने रंगवले जातात, म्हणून पडद्यावर जे आलं तेच पावतीवर येतं. इलेक्ट्रॉनमध्येही तसंच. वार्षिक वर्गणीच्या दिवसांत सभासदाच्या हातात जाणारी पावती हाच लोकांना दिसणारा आमच्या कामाचा पुरावा, तिच्यावरचं नाव मोडलेलं असून चालत नाही.

ज्यांना दिसत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मी आता सोडत नाही. विंडोजवर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळतो आणि ईस्पीक एनजीच्या आवाजात मराठीही वाचतो. पण बटणाचं नाव, चौकटीचं नाव त्याला टूलकिटाने सांगावं लागतं. प्रणालीची बटणं वापरणाऱ्यांना हे आयतं मिळतं. स्वतः रेखाटणाऱ्यांना ती माहिती वेगळी बांधावी लागते. क्यूटी, जीटीके आणि फ्लटरने ती बांधली आहे, टीके ८.६ने नाही.

इलेक्ट्रॉनबद्दल मला प्रामाणिकपणे म्हणायला हवं की मजकुराच्या परीक्षेत ते पहिलं येतं. क्रोमचं इंजिन जगभरातल्या लिप्यांनी घासून निघालेलं आहे. व्हीएस कोड या कोड लिहायच्या संपादकासारखं काम त्यावर उभं आहे. पण प्रत्येक प्रोग्रामबरोबर अख्खं क्रोमियम येतं, रिकाम्या खिडकीचंही वजन शंभर एमबीच्या पुढे, आणि चार जीबीच्या दान मिळालेल्या संगणकावर दुसरं काही चालवायला जागा उरत नाही. दर आठ आठवड्यांनी नवी मोठी आवृत्ती निघते आणि मागच्या तीनच सांभाळल्या जातात. २३व्या आवृत्तीपासून विंडोज ७ बंद. ज्या संस्थेकडे पूर्णवेळ माणूस नाही तिने या वेगाशी स्वतःला बांधून घेऊ नये. टॉरी हे रस्टमधलं टूलकिट हलकं आहे, कारण ते प्रणालीचंच ब्राउझर-इंजिन वापरतं. पण विंडोज, मॅक आणि लिनक्सवर ती तीन वेगळी इंजिनं असतात, म्हणून माझी सगळी परीक्षा तीनदा घ्यायची.

जावाला जुनं म्हणून हसणाऱ्यांना मी रावपुऱ्यातल्या कुठल्याही सीएच्या ऑफिसात जाऊन बघायला सांगते. टीडीएसचं विवरण भरायचं आरपीयू जावावरच चालतं, वर्षानुवर्षं. जावाचं टूलकिट स्विंग १९९८पासून आहे आणि आजही आहे. टिकणं हा गुण आहे. दिसायला ते रुक्ष आहे हे खरं, आणि नवी मुलं त्यावर मन लावून काम करत नाहीत हेही खरं. माझ्यानंतर हे कोण सांभाळणार, हा विचार त्यामुळे करावा लागतो.

परवान्याचं प्रकरण लोक वाचत नाहीत, वाचायला हवं. क्यूटी २००९पासून एलजीपीएल या मुक्त परवान्याखालीही मिळतं: लायब्ररी वेगळी जोडलेली ठेवली आणि अटी पाळल्या तर आपला प्रोग्राम विकताही येतो. पायथनमध्ये मात्र दोन वाटा आहेत, पायक्यूटी जीपीएल या जास्त कडक मुक्त परवान्याखाली किंवा विकत, आणि पायसाइड एलजीपीएल. मी पायसाइड घेते. क्यूटीची मालकी मूळच्या ट्रोलटेक कंपनीकडून २००८मध्ये नोकियाकडे, २०१२मध्ये डिजियाकडे आणि पुढे क्यूटी कंपनीकडे गेली. एवढ्या हातांतून जाऊनही ते मुक्त राहिलं, त्यामागे केडीई या क्यूटीवर उभ्या असलेल्या मुक्त प्रकल्पाने १९९८मध्ये केलेला करार आहे: मुक्त आवृत्ती ठरल्या मुदतीत निघाली नाही तर ती खुल्या परवान्याखाली काढायचा हक्क त्यासाठी स्थापलेल्या प्रतिष्ठानाला मिळतो. ट्रस्टच्या घटनेतली कलमं आपण जशी वाचतो तशी ही वाचावीत. क्यूटी ५.१५च्या दीर्घकालीन दुरुस्त्या २०२१पासून फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळू लागल्या, हेही त्याच कागदांत वाचायला मिळतं.

तर वाचनालयासाठी मी पायसाइड ६ घेतलं, क्यूएमएल ही क्यूटीची मांडणीची भाषा सोडून साध्या विजेट्सवर, म्हणजे तयार बटणं-चौकटींवर, आणि मागे नोंदी साठवायला एसक्यूलाइट. क्यूटी ६ला विंडोज १० तरी लागतं, म्हणून जिथे ७ होतं तिथे मिंट टाकलं. काकूंनी नव्या प्रणालीबद्दल एकच विचारलं, मराठी कळफलक कुठे आहे. तो तिथेच होता. क्रमवारीसाठी आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीची मदत घेतली, नाहीतर संकेतांकांच्या क्रमाने ळ हा ल ला चिकटून येतो आणि आपल्या वर्णमालेत तो ह च्या पुढचा. जुन्या खणातली कार्डं आणि पडद्यावरची यादी आता एकाच क्रमाने चालतात.

दुसऱ्या कुणाला मी हेच घ्या म्हणणार नाही. ज्याचं काम फक्त इंग्रजी आकड्यांचं आहे त्याने हवं ते घ्यावं. पास्कल ही भाषा येणाऱ्याला लॅझारस या तिच्या साधनात महिन्याचं काम आठवड्यात होईल. ज्याला मोबाइलवरही तेच हवं त्याने फ्लटर बघावं, छपाईचं आधी तपासून. पण मराठी किंवा गुजराती लिहिलं जाणार असेल तर कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी एक रिकामी चौकट करून त्यात रोज लिहिणाऱ्या माणसाला अर्धा तास बसवा, आणि आपण शेजारी गप्प बसा. गुजरातीसाठी मी गुजराती वाचणाऱ्यालाच बसवते. मला ती लिपी वाचता येते, पण तिच्यातली चूक त्यांच्या डोळ्यांना आधी दिसते.

माझ्या फाइलमध्ये अलीकडे मोडीच्या ओळी आल्या आहेत. बडोदे संस्थानचं जुनं मराठी दप्तर मोडीत आहे, आणि मोडी जाणणारे एक काका कागदांच्या सूचीत मूळ लिपीतलं शीर्षकही असावं म्हणून आग्रही आहेत. २०१४मध्ये मोडीला युनिकोडच्या ७.० आवृत्तीत जागा मिळाली, नोटोचा मोडी फॉन्ट आहे आणि हार्फबझला ती जुळवता येते. अडचण वेगळी आहे: मोडीचे संकेतांक वरच्या पट्ट्यात पडतात आणि क्यूटीच्या पोटात प्रत्येकाला दोन घरं लागतात, त्यामुळे मोजमाप करणारा माझा प्रत्येक कोडचा तुकडा पुन्हा तपासावा लागतो आहे. काका रोज थोडी थोडी शीर्षकं लिहितात, मी त्यांच्यामागे बसून कर्सर कुठे थांबतो ते टिपत जाते.